पट्टी कोण धरणार?

आमच्या घरात वेळ कडव्यांत मोजतात. रविवारी सकाळी न्हाणीघराच्या दारावर थाप पडते आणि सासूबाईंचा आवाज येतो, "दोन कडवी झाली, ध्रुवपदापर्यंत बाहेर ये!" अंडी उकडत ठेवली की त्या एक ठरलेलं गीत पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतात आणि गॅस बंद करतात. पिवळा बलक कधी कच्चा राहत नाही, कधी फुटत नाही. माझ्या मुलीला घड्याळ शिकवताना बाईंनी विचारलं, एका तासात मिनिटं किती? तिनं साठ सांगितलं आणि लगेच पुढे विचारलं, "आणि गीतं किती बसतात?"

नेरूळच्या एका सोसायटीत समोरासमोरच्या दोन इमारतींत आमची दोन घरं आहेत. एकात सासू-सासरे, मोठे दीर, जाऊबाई आणि पुतण्या. दुसऱ्यात आम्ही तिघं. नणंद लग्न होऊन घणसोलीला गेली, पण शनिवारी सरावाला येतेच. जेवण बहुतेक एकत्र, प्रार्थना रोज एकत्र आणि गाणं तर चोवीस तास, कुणाच्या ना कुणाच्या तोंडी. सासऱ्यांचं मूळ गाव नगर जिल्ह्यातलं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ते इकडे आले. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, वाशीच्या खाडीवरचा पूल १९७३ चा आणि वाशीला लोकल आली ती १९९२ मध्ये. पूल आणि लोकल यांच्या मधल्या काळात ते इथे संसार करत होते. रेल्वे नव्हती, ओळखीची मंडळी थोडी आणि मराठी भक्तीसाठी रविवारी बसनं खाडी ओलांडून मुंबईला जावं लागे. मांडीवर पेटी, पेटीवर बायबल, बायबलवर थोरला मुलगा, अशी ती उतरंड असायची. कंडक्टरनं एकदा पेटीचं सामानाचं तिकीट फाडलं, तेव्हा सासऱ्यांनी मुलाचंही अर्धं तिकीट मागितलं. कंडक्टर म्हणाला, "राहू द्या, पोरगं सामानावरच बसलंय."

मी या घरात सून म्हणून आले ती संगमनेरच्या बाजूच्या एका ख्रिस्ती घरातून. आमच्याकडेही गीतं होती, पण ती चर्चमध्ये. इथे ती भाजी निवडताना, गाडी धुताना, लिफ्टमध्ये. आमच्या लिफ्टचं दार उघडं राहिलं की एक बाई दार बंद करायची विनंती करते आणि मागे बारीक धून वाजते. त्या धुनेला दिरांनी खालचा सूर बसवला आहे, नणंदेनं वरचा. दोघं एकत्र लिफ्टमध्ये शिरली की मुद्दाम दार उघडं धरतात. तिसऱ्या मजल्यावरचे काका खाली ताटकळतात, पण रागावत नाहीत. एकदा तेही गुणगुणताना सापडले.

अशा घरांविषयी लिहिताना लोक बहुधा प्रेम, संस्कार वगैरे शब्द वापरतात. मला त्याहून एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. गाणाऱ्या घरात चूक लपत नाही. आमटीत मीठ जास्त झालं तर कुणी गुपचूप पाणी वाढवतो. पण चुकीच्या जागी लागलेला गंधार साऱ्या घराला त्याच क्षणी ऐकू जातो. ज्याची चूक झाली तो थांबू शकत नाही, कारण बाकीचे पुढे निघालेले असतात. मग एकच वाट उरते. हसायचं आणि पुढच्या ओळीला सगळ्यांबरोबर यायचं. वर्षानुवर्षं हे केलं की त्याची सवय होते, आणि ती सवय सुरांपुरती राहत नाही. आमच्याकडे विसरलेली वाढदिवसाची भेट, जळलेली पोळी, नापास झालेला गणिताचा पेपर या सगळ्यांची वाट लावायची पद्धत तीच आहे.

सराव शनिवारी संध्याकाळी. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांचं सामायिक गीतपुस्तक म्हणजे 'उपासना संगीत'. त्यात गीतांना आकडे आहेत आणि जुनी माणसं गीत शब्दांवरून ओळखण्याआधी आकड्यावरून ओळखतात. सासरे दुसऱ्या दिवशीची गीतं ठरली की गॅलरीत येतात आणि समोरच्या इमारतीतल्या माझ्या नवऱ्याला ओरडून आकडे सांगतात. "एकशे सत्त्याहत्तर! मग तीनशे चार! शेवटी चाळीस!" सोसायटीत नवा वॉचमन आला होता, वयानं मोठा, अदबशीर. महिनाभर त्यानं हे ऐकलं आणि एका शनिवारी सासऱ्यांना जिन्याखाली गाठून हळूच विचारलं, "साहेब, तुमचा आकडा लागतो का हो कधी?" सासऱ्यांना मटका लक्षात यायला वेळ लागला. लक्षात आल्यावर ते त्याला वर घेऊन आले, पुस्तक दाखवलं, एकशे सत्त्याहत्तर म्हणून दाखवलं आणि चहा पाजला. वॉचमन शांतपणे म्हणाला, "म्हणजे रोजच लागतो." त्या दिवसापासून शनिवारी तो गेटवर खुर्ची गॅलरीच्या बाजूला फिरवून बसतो.

रात्री नऊला कौटुंबिक प्रार्थना. सगळे गोल बसतात, एक गीत होतं, शास्त्रपाठ होतो आणि मग प्रत्येकानं आपल्या शब्दांत थोडकी प्रार्थना करायची. ही प्रार्थना म्हणजे आमच्या घराची खरी सभा. डोळे मिटलेले असतात आणि बोलणं देवाशी चाललेलं असतं, त्यामुळे मधे कुणाला तोडता येत नाही. सासरे एकदा म्हणाले, "हे स्वर्गीय बापा, या घरात ओला टॉवेल पलंगावर टाकणारं जे कोणी आहे, त्याला तू प्रेमानं आठवण दे." पाळी पुढे सरकली. पुतण्या म्हणाला, "प्रभो, जे पहाटे साडेपाचला पेटी काढतात त्यांना तू गाढ झोपेचं दान दे." जाऊबाईंनी देशासाठी आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, आवाज मात्र थरथरत होता. शेवट सासूबाईंचा. "आणि बापा, या दोघांनाही उद्या सकाळी दूध आणायला एकत्र पाठव. आमेन." आमेन म्हणताना कुणाच्याही तोंडून धड शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा आणि नातू एक पिशवी दोघांत धरून दूध घेऊन आले.

मी सासूबाईंना एकदा विचारलं होतं, "आई, प्रार्थनेत अशी भांडणं चालतात का?" भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "अगं, देवासमोर बोलायचं म्हटलं की ओरडता येत नाही आणि वाढवून सांगता येत नाही. टॉवेलाचं भांडण तिथं नेलं की ते टॉवेलाएवढंच राहतं." मला हे पटलं. हसू आलं म्हणून प्रार्थना हलकी होत नाही. उलट ज्या घरात डोळे मिटून इतकं खरं बोलता येतं, त्या घराचा देवावर आणि एकमेकांवर पक्का भरवसा असतो.

आता पट्टीविषयी. पट्टी कोण धरणार हा आमच्याकडे वारसाहक्काइतका गंभीर प्रश्न आहे. सासरे पेटीवाले. भजन, अभंग, ओवी, ढोलकी, झांज हे त्यांचं जग. मोठे दीर कीबोर्डवाले. चार आवाजांचं गायन, आल्टो-टेनर-बास, कागदावर नीट लिहिलेलं. सासरे म्हणतात, "गीत भिजलं पाहिजे." दीर म्हणतात, "पप्पा, गीत आधी सुटलं पाहिजे." सासरे भावनेच्या भरात सुरुवात नेहमी वर करतात. नणंदेच्या लग्नात वीज गेली, कीबोर्ड मुका झाला, पेटी घरी राहिलेली. मुलीला निरोप द्यायचा म्हणून आधीच गलबललेल्या सासऱ्यांनी तोंडानंच गीत सुरू केलं आणि पट्टी इतकी उंच धरली की दुसऱ्या ओळीला बास गळाले, तिसऱ्या ओळीला टेनर आणि अंतऱ्याला खुद्द सासरे. तेव्हा वेदीसमोर उभ्या नवरीनं हातातला गुच्छ नवऱ्याकडे दिला आणि स्वतःच्या लग्नाचं गीत भरल्या गळ्यानं, पण अचूक सुरात पूर्ण केलं. व्हिडिओत तिचा नवरा दोन हातांत गुच्छ धरून मान डोलवताना दिसतो. त्यांच्याकडे पाहुणे आले की तो व्हिडिओ लागतो.

घरातलं हे भांडण मला आवडतं, कारण ते आमच्या दोन पिढ्यांचं नाही, मराठी ख्रिस्ती समाजाचं आहे आणि दीडशे वर्षांहून जुनं आहे. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं केलं. मिशनरींबरोबर त्यांच्या चाली आल्या. इंग्रजी सुरावटीत मराठी शब्द बसवायचे म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण व्हायची. मग नगर भागातच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारखे कवी-कीर्तनकार उभे राहिले. टाळ, वीणा घेऊन ख्रिस्तचरित्राचं कीर्तन रंगू लागलं. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं होतं, तेही ओवीत, म्हणण्यासाठी. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसानं गळ्यावर पहिला विश्वास ठेवला तो ओवीच्या चालीवर. आणि पेटी? ती युरोपातून आली आणि पुरती मराठी झाली. पायपेटी जशी चर्चमध्ये होती तशीच ती गंधर्व नाटक मंडळीतही होती. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दार बंद केलं, ते किलकिलं व्हायला तीस वर्षं लागली. त्या सगळ्या काळात देवळात, नाटकात आणि चर्चमध्ये पेटी सुखानं वाजत होती. दीर पेटीला जुनाट म्हणाले की सासरे हा सगळा इतिहास ऐकवतात आणि शेवटी भाता मारून 'सा' धरतात. त्यापुढे वाद चालत नाही.

या वादात ज्यांनी ठाम बाजू घेतली ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. आमच्या घरी त्यांचं नाव नात्यातल्या माणसासारखं घेतात. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत आणि भजनांत आणली. परक्या चालीवर देवाला हाक मारायला त्यांचं मन तयार नव्हतं. आजही कुठल्याही मराठी मंडळीत रविवारी बसा, टिळकांचं एखादं गीत कानावर पडतंच.

पण आमच्या सासूबाईंचं दैवत टिळक नाहीत, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आहेत. त्यांची आत्मकथा 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. तिची एक जुनी, कडा झिजलेली प्रत स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांशेजारी असते. लसूण सोलायला बसलं की नात वाचते आणि सासूबाई ऐकतात. मराठीत घरातल्या विनोदाचं याहून मोठं पुस्तक मला माहीत नाही. नवरा तापट, कधी न सांगता निघून जाणारा, हातात आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेवर उधळून मोकळा होणारा. त्यानं धर्म बदलला तेव्हा बाई कोसळली, माहेरच्यांकडे राहिली, सोवळ्याओवळ्याशी झगडली आणि पाच वर्षांनी स्वतःच्या विचारानं त्याच श्रद्धेपर्यंत पोहोचली. इतकं सोसलेली बाई लिहायला बसते तेव्हा रडगाणं गात नाही. आपली आणि नवऱ्याची भांडणं ती अशी सांगते की दोघांवरही माया बसते. विजया मेहतांनी १९८२ मध्ये या पुस्तकावर टेलिफिल्म केली, त्यात लक्ष्मीबाई सुहास जोशींनी उभ्या केल्या. सासूबाईंच्या डोळ्यांपुढे अजून तोच चेहरा आहे. सासरे बाजारातून पिशवी विसरून आले की त्या म्हणतात, "आमचे हे निम्मे टिळक. पैसे घालवून येतात, पण कविता घेऊन येत नाहीत."

टिळकांचं घर नुसतं घरच्यांचं नव्हतं. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात कर्नल कीर्तिकरांनी ज्या सतरा वर्षांच्या मुलाला 'बालकवी' म्हटलं, तो त्र्यंबक बापूजी ठोंबरे पुढे नगरला टिळकांकडे राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं वागवलं. मुलगा हिंदू, घर ख्रिस्ती. पुढे टिळक अर्धवट सोडून गेलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं आणि एकामागून एक अध्याय रचले. घरात एकानं धरलेली पट्टी दुसऱ्यानं कशी सांभाळायची याचं इतकं थोर उदाहरण समोर असताना आम्ही कीबोर्ड की पेटी यावर भांडतो, असं सासूबाई म्हणतात, आणि मग स्वतः पेटीच्या बाजूनं मत देतात.

नाताळच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे फराळाचे. वाचकांना नवल वाटेल, पण आमच्या नाताळात केकाइतकाच मान करंजी, शंकरपाळी, चकली आणि चिवड्याचा. नानकटाईचं पीठ मळून, ताटांत मांडून बेकरीत भाजायला न्यायचं. दिवाळीत शेजाऱ्यांकडून आलेले डबे रिकामे परत करायचे नाहीत म्हणून ते डिसेंबरपर्यंत आमच्याकडे मुक्कामाला असतात आणि भरून परत जातात. एका डब्याच्या झाकणाची आणि डब्याची कित्येक वर्षं फारकत झाली आहे. झाकण पाटलांकडे दिवाळी करतं, डबा आमच्याकडे नाताळ.

करंज्या करताना गायलं जातंच, पण काय गायचं ते सासूबाई ठरवतात. संथ गीत चालत नाही. जाऊबाईंनी एकदा विलंबित लयीत एक करुण गीत धरलं, लाटणी त्या लयीवर चालायला लागली आणि लाटून ठेवलेल्या पाऱ्या सुकून कडा उघडल्या. कढईत निम्म्या करंज्या फुटल्या, सारण तेलात. "दुःखसहनाचं गीत उपासकाळात म्हणा," सासूबाई म्हणाल्या, "इथे आनंदाचं, द्रुत!" त्या फुटक्या करंज्या पुतण्यानं वाटीत घेऊन चमच्यानं खाल्ल्या आणि दरवर्षी तशाच करा म्हणून हट्ट धरला. आता शेवटचा घाणा त्याच्यासाठी मुद्दाम विलंबित लयीत होतो.

आणि मग कॅरलची फेरी. टेम्पो भाड्यानं घ्यायचा, मागे पेटी, ढोलकी, कीबोर्ड, गिटार, लाल कपड्यातला एक नाताळबाबा आणि वीस-बावीस गाणारी माणसं. मंडळीतल्या घरांची यादी असते आणि रात्री एकापाठोपाठ एक घर गाठायचं असतं. नवी मुंबईत राहणाऱ्यांना माहीत आहे, इथे पत्ता हा आकड्यांचा खेळ आहे. वाशीचे सेक्टर वेगळे, कोपरखैरण्याचे वेगळे, नेरूळचे वेगळे, आणि आकडे मात्र तेच तेच. सिडकोनं नोड आखले आणि प्रत्येक नोडात पुन्हा पहिल्यापासून मोजलं. काही वर्षांपूर्वी यादीत सेक्टर बरोबर होता, घराचा आकडाही बरोबर होता, पण नोड लिहायचा राहिला होता. वाशीतल्या कुटुंबाऐवजी टेम्पो कोपरखैरण्यात एका बैठ्या घरासमोर थांबला. रात्रीचे साडेदहा. नणंदेनं सूर दिला, ढोलकीवर थाप पडली, दार उघडण्याआधीच पहिलं कडवं संपलं.

दार उघडलं ते एका आगरी आजींनी. नऊवारी नेसलेल्या. त्यांच्या मागे देवघरातला दिवा आणि गणपतीची तसबीर दिसत होती. आमची वीस माणसं एकदम गप्प झाली, फक्त नाताळबाबाला काही दिसत नसल्यामुळे तो घंटा वाजवत राहिला. दिरांनी पुढे होऊन माफी मागितली, घर चुकलं म्हणून सांगितलं. आजी म्हणाल्या, "चुकलं तर चुकलं, गाणं अर्धं नका सोडू. अर्धं गाणं दारात ठेवून जात नाहीत." मग आम्ही सगळी कडवी म्हटली. आतून मुलगा, सून, नातवंडं बाहेर आली. शेजारची दोन दारं उघडली. चहा आला, बोरं आली. आजींनी विचारलं, "कुणाच्या जन्माचं गाणं?" सासऱ्यांनी सांगितलं, गोठ्यात जन्मलेल्या बाळाचं. आजी म्हणाल्या, "बाळाचं मी पण गाते, पण आधी लग्न लावते."

आजी धवलारीण होत्या. नवी मुंबई वसली ती जुन्या आगरी-कोळी गावांच्या शेतांवर आणि मिठागरांवर, आणि या समाजाच्या लग्नात प्रत्येक विधीला धवला गातात. तो गाते ती धवलारीण. पोथी नाही, कागद नाही, बाईकडून बाईकडे आलेलं. आजी उंबऱ्यात बसल्या आणि गायला लागल्या. वाद्य काही नाही, तरी आवाज असा खणखणीत की गल्लीतली कुत्रीही थांबली. दिरांना राहवेना. ते हळूच कीबोर्डवर त्यांचा सूर शोधू लागले. एक पट्टी दाबली, खाली पडली. शेजारची दाबली, वर गेली. सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी होता. आजींनी गाता गाता हे बघितलं, धवला पूर्ण केला आणि दिरांना म्हणाल्या, "तुझ्या पेटीत माझा सूर नसेल तर पेटी बदल, बाबा." सासरे टेम्पोत बसेपर्यंत हसत होते. त्यांच्या आयुष्यात कीबोर्डचा इतका सपशेल पराभव त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

त्या रात्री वाशीचं खरं घर गाठायला साडेबारा वाजले. ती मंडळी झोपेत कॅरल ऐकून दारात आली. पण त्या वर्षापासून यादीत आजींचं घर आहे, नोडसकट लिहिलेलं. त्यांच्या नातीच्या लग्नात आमचं सगळं गायनमंडळ हळदीला होतं. सासूबाईंनी दोन धवले शिकून घेतले आहेत. अंडी उकडताना हल्ली कधी कधी त्यातला एक ऐकू येतो.

टाळेबंदीतला ईस्टर, १२ एप्रिल २०२०, आम्ही कसा साजरा केला तेही सांगते. पहाटेची भक्ती पडद्यावर, मंडळी आपापल्या घरी. आमच्या दोन इमारती समोरासमोर असूनही मधलं अंतर ओलांडायला बंदी. सासरे म्हणाले, गायचं म्हणजे गायचं. नेरूळ, घणसोली, नगरची मोठी आत्या आणि दुबईतला चुलतदीर अशी सगळी व्हिडिओ कॉलवर जमली. सासऱ्यांनी सूर दिला. नेरूळ निघालं, घणसोली अर्ध्या ओळीनं मागे, दुबई पाऊण ओळीनं, आणि आत्यांची पहिली ओळ आली तेव्हा आमचं कडवं संपत होतं. चार गावांतून एकच गीत चार वेळांना. दीर ओरडून सांगत होते की हा नेटचा उशीर आहे, कुणी थांबू नका. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "नेटला कशाला दोष देता? वन्सं समोर बसल्या तरी तेवढ्याच मागे असतात." हे वाक्य मात्र नगरला अजिबात उशीर न होता पोहोचलं. आत्या त्यावर दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी तेच गीत एकट्यानं, वेळेवर म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. त्या काळात मंडळीतली काही माणसं गेली. त्यांच्यासाठीही आम्ही असेच, मागे-पुढे, तुटत-जुळत गायलो. तेव्हा कुणी कुणाची लय काढली नाही.

२०२५ च्या जानेवारीत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या बँडचे कार्यक्रम झाले, १८, १९ आणि २१ तारखेला. स्टेशनपासून रस्ते माणसांनी भरलेले. पुतण्याला तिकीट मिळालं नव्हतं, त्याचं तोंड उतरलेलं. शनिवारचा सराव होता, पण नणंद गर्दीत अडकली. सासरे म्हणाले, "चला, गच्चीवर जाऊ." स्वेटर, कानटोपी घालून ते नातवाशेजारी कठड्याला टेकून उभे राहिले. वाऱ्याबरोबर आवाज यायचा, जायचा. मधेच हजारो माणसं एकदम गाऊ लागली, तो गजर मात्र स्पष्ट आला. सासरे बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "इतकी माणसं एका पट्टीत गातायत. धरली कुणी असेल रे?" पुतण्यानं बँडच्या गायकाचं, क्रिस मार्टिनचं नाव सांगितलं. सासऱ्यांनी मान हलवली, "चांगली धरली. फार वर नाही, फार खाली नाही." आणि नातवाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्या गजराला खालचा सूर लावला.

सासरे आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. आवाज तापायला वेळ लागतो आणि सुरुवात मात्र अजून वरच जाते. येत्या नाताळासाठी घरात रीतसर बैठक झाली. अजेंडा एकच. दिरांनी स्वतःचं नाव सुचवलं, सासऱ्यांनी नाकारलं. नणंदेनं पेटीचं नाव सुचवलं, दिरांनी नाकारलं. शेवटी सासूबाईंनी माझ्या मुलीकडे बोट दाखवलं. ती नऊ वर्षांची, कान पक्का, दोन्ही पक्षांची लाडकी. ठरलं की पट्टी तिनं धरायची. सासऱ्यांनी एका अटीवर मान्यता दिली. सूर नात देईल, पण 'एक, दोन, तीन' ते म्हणतील. मग सगळ्यांनी सुरू करायचं.

पहिल्या सरावाला मुलीनं डोळे मिटून सूर दिला, छान, सगळ्यांच्या गळ्याला बसेल असा. सासऱ्यांनी हात वर केला. "एक," ते म्हणाले. "दोन," म्हणाले. आणि तीन म्हणायच्या आधीच स्वतः गायला लागले, तिच्याहून दोन पट्ट्या वर.